त्या डोळ्यावर दाबा

मराठी घरात पासवर्ड कुठे सापडतो, हे चोराला घरच्यांपेक्षा आधी कळेल. भिंतीवरच्या कालनिर्णयच्या मागच्या पानावर, दुधाच्या हिशेबाशेजारी. कपाटाच्या दाराला आतून डकवलेल्या कागदावर. पासबुकाच्या प्लास्टिकच्या कव्हरात. तिथेच एटीएम कार्डही असतं, म्हणजे नेणाऱ्याला दुसरी फेरी नको. जुन्या टेलिफोन डायरीत 'प'च्या पानावर, पाटील सर आणि पंक्चरवाला यांच्या मधे. जे स्वतःला यापेक्षा हुशार समजतात त्यांच्या मोबाइलमध्ये 'पांडुरंग एटीएम' नावाचे एक गृहस्थ असतात आणि त्यांचा फोन नंबर चारच आकडी असतो.

हे सगळं वर्षानुवर्षं सुखानं चाललं होतं. गोंधळ सुरू झाला तो फोन स्वतःच पासवर्ड लक्षात ठेवायला लागल्यावर. कुठेही लॉगिन केलं की खालून एक पट्टी वर येते आणि अदबीनं विचारते, पासवर्ड सेव्ह करू का? आपल्याकडे पट्टी वाचायची पद्धत नाही. आडवी आलेली पट्टी घालवायची असते आणि ती घालवायला निळं बटण असतं, एवढंच ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे. निळं बटण दाबलं की पासवर्ड आत जातो. कुठे आत, ते बटण सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. गेला ना, मग झालं. पुढे दीड-दोन वर्षं फोन आपणहून ती चौकट भरत राहतो आणि माणूस आपला पासवर्ड पार विसरून जातो. मग एक दिवस फोन बदलतो, किंवा अ‍ॅप नव्यानं टाकावं लागतं, आणि चौकट रिकामी येते.

त्यात ज्या जीमेल खात्याला हे सगळं जोडलेलं असतं, ते खातं उघडलेलं असतं मोबाइलच्या दुकानातल्या पोरानं. फोन घेतला, काच बसवली, कव्हर घातलं, "काका, जीमेल आहे का?" "असेल बहुतेक." "थांबा, नवीनच काढून देतो." नाव, आडनाव, पुढे तीन आकडे, पासवर्ड म्हणजे मोबाइल नंबर, की झालं. असं प्रत्येक फोनला एक खातं. तीन फोन झाले की माणसाची तीन खाती होतात. पहिल्यात रेल्वेचा पासवर्ड, दुसऱ्यात विजेच्या बिलाचा, तिसऱ्यात नातवाचे फोटो. पोरगा दरम्यान दुकान सोडून रिअल इस्टेटमध्ये गेलेला असतो.

अशा वेळी प्रत्येक घराण्यात एक माणूस नेमलेला असतो. नेमणूक कुणी केली ते सांगता येत नाही. एकदा कुणाचा तरी टीव्ही रिमोट सुरू करून दिला की ती होते आणि मरेपर्यंत टिकते. आमच्या घराण्यात हे पद माझ्याकडे आहे. त्यामुळे रविवारी सकाळी साडेसातला सांगलीहून आत्याचा फोन येतो. तिला गावच्या जमिनीचा सातबारा काढायचा असतो. डिजिटल सहीचा सातबारा आता पंधरा रुपयांत घरबसल्या मिळतो, तलाठ्याच्या मागे फिरावं लागत नाही. पासवर्ड मात्र लागतो.

"अरे, पासवर्ड मागतोय."

"कोण?"

"फोन! दुसरं कोण मागणार?"

"आत्या, तू मागे तो सेव्ह केलेला असणार. सेटिंगमध्ये जा. दातेरी चाकाचं चित्र आहे बघ. उघडलं? आता सगळ्यात वर शोधायची जागा आहे. तिथे पासवर्ड लिही."

"कुठला?"

"पासवर्ड असं लिही."

"अरे, तोच तर आठवत नाहीये! आठवत असता तर तुला कशाला फोन केला असता?"

"पासवर्ड हा शब्द लिही गं. पी, ए, एस, एस..."

"हा पासवर्ड आहे होय माझा? कुणी ठेवला?"

इथे दोन-तीन मिनिटं जातात. फोनवर बोलता बोलता त्याच फोनमध्ये शोधायचं असल्यामुळे आत्या फोन कानापासून लांब धरून ओरडते आणि मग माझं बोलणं तिला ऐकू येत नाही. शेवटी स्पीकर लागतो. स्पीकर लागला की आतोबा वर्तमानपत्र खाली ठेवतात आणि कामात सहभागी होतात. पासवर्ड मॅनेजर सापडतो. साइटची नावं ओळीनं दिसतात. पाहिजे त्या नावावर बोट ठेवलं की फोन आधी स्वतःचं कुलूप विचारतो, म्हणजे रोज फोन उघडायचा तोच पिन. आत्या तो मोठ्यानं म्हणत म्हणत टाकते. "एक... नऊ... आठ... सात." मागून आतोबा म्हणतात, "दादाच्या जन्माचं साल." ज्यांना नुसत्या आकड्यांवरून उलगडा झाला नसेल त्यांच्यासाठी.

"आता नुसते ठिपके दिसतायत."

"शेजारी डोळा आहे ना छोटासा? त्या डोळ्यावर दाब."

डोळ्यावर दाबल्यावर ठिपक्यांची अक्षरं होतात. या क्षणाला मी नेहमी म्हणतो, "मोठ्यानं वाचू नकोस," आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत आत्यानं वाचायला सुरुवात केलेली असते. खरं तर डोळ्याच्या बाजूलाच कॉपी करायचं चित्र असतं. त्यावर एकदा टेकलं, सातबाऱ्याच्या चौकटीत जाऊन बोट दाबून धरलं आणि पेस्ट केलं की काम फत्ते. ना वाचायला लागतं, ना लिहायला. पण नुसतं बोट टेकवून न दिसता, न ऐकू येता काहीतरी उचललं गेलं, यावर आत्याचा विश्वास नाही. तिला ते कागदावर उतरवून घ्यायचं असतं. ती वाचणार, आतोबा लिहिणार.

"कॅपिटल एस."

"एस की एफ?"

"एस, एस! सांगलीचा एस. मग यू, एन, आय..."

"एन नागपूरचा का एम मिरजेचा?"

"नागपूरचा. पुढे अ‍ॅट द रेट."

"ते स्पेलिंगनं लिहू की चिन्ह?"

भाजी, पेट्रोल, सोनं यांना रेट असतो हे ठीक, पण या गोल शेपटीच्या 'ए'ला सबंध देशानं मिळून 'अ‍ॅट द रेट' का ठरवलं, हे व्यापारी हिशेबाच्या वह्यांना विचारावं. सांगायचा मुद्दा, वाचन संपेपर्यंत समोरच्या बाल्कनीत कपडे वाळत घालणाऱ्या वहिनींनाही पासवर्ड कळलेला असतो. पुढच्या वेळी मी फोन उचलला नाही तरी आत्याचं काही अडायचं नाही.

तर रस्ता हा असा आहे, आणि तो प्रत्येक फोनमध्ये थोडा वेगळ्या गल्लीतून जातो. अँड्रॉइडवर सेटिंगमधून गूगलच्या पासवर्ड मॅनेजरकडे जाता येतं, नाहीतर क्रोम उघडून वरच्या तीन ठिपक्यांतून सेटिंगमध्ये शिरावं लागतं. आयफोनवाल्यांना इतकी वर्षं तो सेटिंगच्या पोटात शोधावा लागे; २०२४ मध्ये आलेल्या आयओएस १८ पासून पासवर्ड नावाचं स्वतंत्र अ‍ॅपच आलं. काही कंपन्या गूगलच्या तिजोरीशिवाय आपलीही एक तिजोरी फोनमध्ये बसवून देतात. मग अर्धे पासवर्ड या तिजोरीत, अर्धे त्या तिजोरीत, आणि पट्टीवर नेमकं कुठलं निळं बटण दाबलं होतं ते देवाला ठाऊक. म्हणून गल्ल्या पाठ करण्यापेक्षा सेटिंगच्या शोधाच्या जागेत 'पासवर्ड' लिहिणं बरं. फक्त कुठला, असं विचारू नये.

एकदा ती यादी उघडली की मात्र उठवत नाही. माळ्यावरची ट्रंक खाली काढल्यावर जे होतं तेच होतं. शोधायला गेलो काय आणि हाताशी लागलं काय. आत्याच्या यादीत विवाह जुळवणारी साइट आहे. जिच्यासाठी ती उघडली होती ती माझी बहीण आता स्वतःच्या मुलाच्या अकरावी प्रवेशाचं पोर्टल उघडून बसलेली आहे, आणि त्याचाही पासवर्ड आत्याकडेच आहे, कारण अर्ज भरताना फोन आत्याचा वापरला होता. म्हाडाच्या सोडतीचं खातं आहे. घर लागलं नाही, पासवर्ड लागलेला आहे. आतोबांनी घरबसल्या संस्कृत शिकायला घेतलं होतं त्याचा पुरावा आहे. पाणीपट्टी, वीज, गॅस. कुठल्या तरी साडीच्या दुकानाचं खातं, फक्त एकदा वापरलेलं. रेल्वेच्या तिकिटांची साइट मात्र पुन्हा पुन्हा येते, दर वेळी वेगळ्या नावानं. गणपतीसाठी कोकणच्या गाड्यांचं बुकिंग उघडतं त्या सकाळी पासवर्ड आठवला नाही की माणूस नवं खातं काढतो. त्यातलं चालू कुठलं, हे एकेक उघडून बघितल्याशिवाय कळत नाही, आणि बघेपर्यंत वेटिंग लिस्ट लागते.

माणसानं काय काय मनात आणलं होतं आणि मधेच सोडून दिलं, त्याची इतकी प्रामाणिक नोंद डायरी लिहिणाऱ्यांकडेही नसेल.

या दुखण्याचं मूळ शोधायला आपल्याला अमेरिकेत जावं लागतं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बाटो नावाच्या शास्त्रज्ञानं एकच मोठा संगणक अनेकांनी वाटून वापरायची व्यवस्था उभी केली. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून प्रत्येकाला एकेक पासवर्ड दिला. उपाय साधा होता आणि फारच थोडे दिवस टिकला. १९६२ मध्ये तिथल्याच अ‍ॅलन शेर या संशोधकाला त्याच्या वाट्याला आलेला वेळ पुरेना. त्यानं काय करावं? पासवर्डांची फाइल छापून हवी, अशी रीतसर मागणी शुक्रवारी रात्री संगणकाकडे नोंदवली आणि शनिवारी सकाळी जाऊन छापील कागद घेऊन आला. संगणक सरकारी कचेरीत नोकरीला नव्हता म्हणून काम एका रात्रीत झालं. शेरनं ते पासवर्ड दोस्तांनाही वाटले, आणि त्यातल्या एकानं प्रयोगशाळेच्या संचालकांच्या खात्यात शिरून त्यांनाच खिजवणारे निरोप लिहून ठेवले. १९६६ मध्ये तर कमाल झाली. दोन फायलींची अदलाबदल झाली आणि जो कुणी लॉगिन करील त्याच्यासमोर स्वागताच्या मजकुराऐवजी सगळ्यांच्या पासवर्डांची यादी यायला लागली. पुढे कोर्बाटोला संगणकशास्त्रातलं सर्वोच्च ट्युरिंग पारितोषिक मिळालं. आणि २०१४ मध्ये, नव्वदीला टेकलेला असताना, पासवर्ड हे प्रकरण आता दुःस्वप्न होऊन बसलं आहे, असं त्यानंच एका वर्तमानपत्राला सांगून टाकलं. आपण मात्र त्याच्या माघारी ते स्वप्न रोज बघतो आहोत.

आता ते 'एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह, किमान आठ अक्षरं' आणि 'पासवर्डची मुदत संपली आहे' हे कुठून आलं? त्यालाही माणूस आहे. अमेरिकेत मानकं ठरवणारी निस्ट नावाची सरकारी संस्था आहे. तिथल्या बिल बर यांनी २००३ मध्ये एक दस्तऐवज लिहिला, त्यात हे शहाणपण होतं. जगभरच्या बँका, कचेऱ्या, विद्यापीठं यांनी ते शिरसावंद्य मानलं. २०१७ मध्ये निवृत्त बर म्हणाले की आपण त्यात सांगितलं त्यातल्या पुष्कळ गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी निस्टनंही नवे नियम काढले: उगाच ठरावीक मुदतीनं पासवर्ड बदलायला लावू नका, चिन्हांची सक्ती करू नका, लांब पासवर्ड ठेवू द्या. बातमी सगळीकडे छापून आली. माझ्या एका मित्राच्या ऑफिसपर्यंत ती अजून पोचायची आहे. तिथे दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलावा लागतो, म्हणून त्यानं 'गणपती अ‍ॅट द रेट १'पासून सुरुवात केली. सध्या एकोणीस चालू आहे. त्याची नोकरी साडेचार वर्षांची झाली हे कळायला पगाराची स्लिप बघायला नको.

त्या सक्तीतून आपल्याकडे जे पासवर्ड जन्माला आले त्यांची घडण ठरून गेलेली आहे. आधी दैवत, मुलगी किंवा गाव, पहिलं अक्षर कॅपिटल, मग अ‍ॅट द रेट, मग १२३. दैवतांत साईबाबा, स्वामी समर्थ आणि गणपती यांच्यात चुरस आहे. एवढी पदरची बुद्धी खर्च करून केलेला पासवर्ड फोडणाऱ्याला किती वेळ लागत असेल, ते न विचारलेलं बरं. पाश्चात्त्य लोक फार पुढे आहेत असंही नाही. २००९ मध्ये रॉक यू नावाच्या अमेरिकी कंपनीतून तीन कोटींहून जास्त पासवर्ड चोरीला गेले. ते जसेच्या तसे, उघडे साठवलेले होते. मोजदाद झाली तेव्हा त्यांतले सुमारे दोन लाख नव्वद हजार लोक '१२३४५६' वापरत होते. त्यांच्याकडे दैवतसुद्धा नव्हतं.

आपलं सरकार या बाबतीत सगळ्यात मोकळं. आधारची पीडीएफ उतरवून घेतली की तिला पासवर्ड असतो. तो काय, तर नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल. हे गुपित सगळ्यांना सांगितलेलं असतं. आयकराच्या वार्षिक माहितीच्या पीडीएफला पॅन नंबर आणि जन्मतारीख, पण इथे अक्षरं स्मॉल. आधार मोठ्यानं बोलतं, आयकर हळू बोलतो, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे.

पासवर्ड विसरल्यावर विचारले जाणारे ते सुरक्षेचे प्रश्न हा या नाटकाचा विनोदी अंक आहे. 'तुमच्या आईचं माहेरचं आडनाव काय?' हा प्रश्न ज्यानं शोधून काढला त्यानं मराठी लग्नाचा बायोडेटा कधी पाहिलेला नसणार. त्यात श्री गणेशाच्या खाली पूर्ण नाव असतं, जन्मतारीख असते, जन्मवेळ मिनिटापर्यंत असते, जन्मगाव असतं, शिक्षण कुठल्या शाळेत झालं ते असतं, वडिलांचा हुद्दा असतो, आणि 'मामेकुळ' या शब्दापुढे आईच्या माहेरचं आडनाव गावासकट असतं. खाली संपर्कासाठी मोबाइल नंबर. हा कागद आपण स्वतः झेरॉक्स काढून, हल्ली पीडीएफ करून, अनोळखी लोकांच्या ग्रुपवर टाकतो आणि कुणी उघडून बघितला नाही की वाईट वाटून घेतो. राहता राहिला लहानपणच्या पाळीव प्राण्याचा प्रश्न. तो वाघ्या, मोती किंवा टॉमी असणार. तिसऱ्या प्रयत्नात चोर आत.

मला विचाराल तर अडचण यंत्रात नाहीच. पासवर्ड ही एकट्यानं, कुणाला न सांगता बाळगायची वस्तू आहे, असं ती करणाऱ्यांनी गृहीत धरलं. आणि आपल्याकडे एकट्याचं असं काही नसतं. औषधाची गोळी एकट्याची नसते, तिथे पासवर्ड कुठून असणार? नवऱ्याला बायकोचा, सासूला सुनेचा, सोसायटीच्या चेअरमनला सगळ्यांच्या वायफायचा पासवर्ड माहीत असणं ही आपल्याकडे सुरक्षेतली त्रुटी धरत नाहीत; घरोबा म्हणतात. उलट पासवर्ड सांगितला नाही तर, 'असं काय आहे त्यात?' ही चौकशी सुरू होते आणि ती पासवर्ड बदलून थांबत नाही.

कंपन्यांच्या हे फार उशिरा लक्षात आलं. अ‍ॅपलनं २०२३ मध्ये घरच्यांचा गट करून ठरावीक पासवर्ड वाटून घ्यायची सोय दिली, गूगलनं २०२४ मध्ये. गूगलच्या कुटुंबात जास्तीत जास्त सहा माणसं बसतात. सहा! आमच्याकडे जेवणाची पहिली पंगतसुद्धा सहाची नसते. कुणाला बाहेर ठेवायचं, हा विषय काढून घरात महाभारत घडवण्यापेक्षा पासवर्ड चुलत्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणं लोकांना सोपं वाटतं. काही उत्साही मंडळी याच्या पुढे जातात. पासवर्ड मॅनेजरमधून सगळे पासवर्ड एका फाइलमध्ये बाहेर काढता येतात. ही फाइल उघडी असते. साइट, नाव, पासवर्ड, ओळीनं, कुलूप न लावलेले. फोन बदलताना ती उपयोगाची, काम झालं की पुसायची. मंडळी ती 'हरवायला नको' म्हणून स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅप करून ठेवतात. त्यात चुकून बोट एक नाव खाली सरकलं की ती इस्त्रीवाल्याकडे पोचते. नेटफ्लिक्सनं २०२३च्या जुलैमध्ये भारतात घराबाहेरच्यांना पासवर्ड द्यायचा नाही असा नियम लागू केला, तेव्हा घर म्हणजे एका छपराखाली राहणारी माणसं, अशी व्याख्या केली. पुण्यात मुलगा, नाशकात मुलगी, गावी आई-वडील, आणि एकच पासवर्ड, हे घर त्यांच्या व्याख्येत मावलं नाही.

शिवाय पासवर्ड सापडून काम संपत नाही. ओटीपी राहतो. तो ज्या नंबरावर जातो तो नंबर घरात नसलेल्या माणसाचा असतो, असा सृष्टीचा नियम आहे. आत्याच्या सातबाऱ्याचा ओटीपी बंगळुरूला तिच्या मुलाच्या, म्हणजे दादाच्या फोनवर जातो. दादा मीटिंगमध्ये असतो. तो मीटिंगमधून बाहेर येऊन आकडे सांगेपर्यंत मुदत संपते. पुन्हा मागवला की पुन्हा मीटिंग. गॅसचं सिलिंडर आलं की चार आकडी कोड सांगावा लागतो. तो दुसऱ्या मजल्यावरून खाली ओरडून सांगितला जातो, आणि बिल्डिंगमधल्या एकाही बाईला त्यात गैर वाटत नाही.

मधेच पासवर्ड मॅनेजर आपणहून तपासणीचा अहवाल देतो. तुमचे अमुक पासवर्ड कमकुवत आहेत, अमुक ठिकाणी एकच वापरला आहे, आणि हा तर फुटला आहे. फुटणे हे आपल्याकडे परीक्षेच्या पेपराचं काम, त्यामुळे आत्या घाबरली. "मी तर कुणालाच सांगितला नाही!" ती म्हणाली. बाल्कनीतल्या वहिनींना धरलं तर हे अर्धसत्य होतं, पण त्या बिचाऱ्यांचा यात दोष नाही. फुटतो तो साइटवाल्यांच्या गोदामातून. कुठल्या तरी साडीच्या दुकानाची माहिती चोरीला जाते, चोराच्या हाती ईमेल आणि पासवर्डची जोडी लागते, आणि तीच जोडी तो बँकेला, रेल्वेला, ईमेलला लावून बघतो. एकच पासवर्ड सगळीकडे ठेवला असेल तर साडीच्या दुकानातून थेट बँकेत जायचा रस्ता तयार. म्हणून अहवालातली लाल अक्षरं घालवायची नसतात, वाचायची असतात. फोन स्वतः नवा पासवर्ड सुचवतो तो घ्यावा. आयफोन सहा-सहा अक्षरांचे तीन तुकडे मधल्या दोन आडव्या रेघांनी जोडून वीस अक्षरांचा पासवर्ड देतो. तो कुणालाही लक्षात राहत नाही, फोनवरून ओरडून सांगता येत नाही, आणि आतोबांना कागदावर लिहूनही घेता येत नाही. पासवर्ड असाच असावा.

पुढे पासवर्डच नाहीसे होणार म्हणतात. २०२२ मध्ये अ‍ॅपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या तीन कंपन्यांनी मिळून पासकीचा रस्ता धरला: पासवर्ड टाकायचा नाही, बोट लावायचं किंवा चेहरा दाखवायचा, फोनच तुमची ओळख पटवतो. छान आहे. पण ज्या बोटांनी जन्मभर भाकऱ्या थापल्या आणि भांडी घासली त्या बोटांचे ठसे फोनला उमटत नाहीत. आत्या बोट पुसते, पदरानं फोन पुसते, पुन्हा बोट लावते. चष्मा लावला की चेहरा जुळत नाही, काढला की फोन दिसत नाही. मग फोन हरतो आणि म्हणतो, जाऊ दे, पिन टाका.

म्हणजे सगळं फिरून त्या चार आकड्यांवर येतं. चारच का, याचीही एक हकीकत आहे. लंडनच्या एनफिल्डमध्ये २७ जून १९६७ रोजी बार्कलेज बँकेचं पैसे देणारं यंत्र सुरू झालं, ते करणारे जॉन शेफर्ड-बॅरन जन्मले होते आपल्या शिलाँगला. त्यांनी सांगितलं ते असं, की त्यांच्या मनात सहा आकडी नंबर ठेवायचा होता, कारण सैन्यातला आपला सहा आकडी नंबर त्यांना पाठ होता. स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, मला चारच आकडे लक्षात राहतात. झालं. एका घरातल्या बाईच्या शब्दावर जगाचा नियम ठरला, आणि ते घर विलायतेतलं होतं एवढाच काय तो सांगलीशी फरक.

पण तिथे त्या चार आकड्यांमागे एकच खातं होतं. आता त्याच चार आकड्यांमागे बँक, सातबारा, म्हाडा, भाचरांची अकरावी आणि वीस-वीस अक्षरांचे सगळे मजबूत पासवर्ड आहेत. फोन चोरणाऱ्याला डोळ्यावर दाबता येतं. त्यापूर्वी त्याला लागतं फक्त दादाच्या जन्माचं साल, आणि ते दादाच्या बायोडेटावर छापलेलं आहे.

तेव्हा एवढं करा. चहाचा दुसरा कप घेऊन एकदा ती यादी उघडा, नको ती खाती काढून टाका, लाल अक्षरं वाचा. बँकेचा, ईमेलचा आणि साडीच्या दुकानाचा पासवर्ड वेगळा करा. फोनचा पिन सहा आकडी करा आणि त्यात कुणाचाही जन्म, लग्न किंवा गाडीचा नंबर घालू नका. तो घरातल्या एकाच माणसाला सांगून ठेवा, कारण माणूस अचानक गेला तर मागच्यांना विम्याच्या कागदापर्यंत पोचता आलं पाहिजे. फक्त तो माणूस निवडताना, फोनवर स्पीकर लावून बोलणारा निवडू नका.